पिकअप ट्रकला एअर ब्रेकचा ट्रेलर जोडता येतो का? उत्तर इंजिनात नाही, हवेच्या पाइपात आहे!

अमेरिकेतल्या पिकअप ट्रकचे रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. मागे लांबलचक ट्रेलर, त्यावर एखादं एक्सकॅव्हेटर, आणि पुढे मागच्या बाजूला डबल टायर असलेला फोर्ड नाहीतर रॅम आरामात चढ चढतोय. खाली कॉमेंट्समध्ये एक जण हमखास लिहितो, "एवढा दम आहे तर अठराचाकी ट्रकचा ट्रेलरपण ओढेल की हा!"

दमाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. फोर्डच्या एफ-४५० ची ट्रेलर ओढण्याची कमाल क्षमता ठरावीक मॉडेलमध्ये ४०,००० पौंड, म्हणजे साधारण १८ टन असल्याचं कंपनी सांगते. आपल्याकडे भाजी आणि दुधाचे कॅन वाहणाऱ्या पिकअपशी याची तुलना करू नका, हे प्रकरणच वेगळं आहे.

तरीही मोठ्या ट्रकचा ट्रेलर या पिकअपला जोडून गाडी पुढे घेतली, तर ट्रेलरची चाकं बहुतेक वेळा फिरणारच नाहीत. एकतर पिकअप जागेवर थांबेल, नाहीतर टायर रस्त्यावर घासत ट्रेलर फरफटत येईल. कारण त्या ट्रेलरचे ब्रेक आधीच लागलेले असतात आणि ते सोडवायला जी दाबाची हवा लागते, ती पिकअपकडे नसते. पिकअपचे स्वतःचे ब्रेक आपल्या कारसारखेच हायड्रॉलिक, म्हणजे ब्रेक ऑइलवर चालणारे असतात.

हवा गेली की ब्रेक लागतो

एअर ब्रेक म्हटलं की वाटतं, हवा सोडली की ब्रेक लागत असेल आणि हवा संपली की ब्रेक फेल होत असेल. सुरुवातीला खरोखरच तसं होतं. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन संशोधकाने १८६९ मध्ये रेल्वेसाठी एअर ब्रेकचं पेटंट घेतलं. इंजिनातून पाइपाने हवा मागे जायची आणि ब्रेक दाबायची. पण डबे मध्येच तुटून सुटे झाले किंवा पाइप फुटला, तर मागच्या डब्यांना ब्रेकच उरायचा नाही. म्हणजे जेव्हा ब्रेक सर्वांत जास्त हवा, नेमका तेव्हाच तो गायब!

काही वर्षांतच वेस्टिंगहाउसने गणित उलटं केलं. पाइपात हवा कायम भरलेली ठेवायची, प्रत्येक डब्याला स्वतःची छोटी टाकी द्यायची, आणि पाइपातला दाब उतरला की ब्रेक आपोआप लागेल अशी व्यवस्था करायची. आपल्याकडे ट्रेनची साखळी ओढली की गाडी थांबते ती याच तत्त्वावर. साखळीमुळे ब्रेक पाइपातली हवा बाहेर पडते आणि ब्रेक लागतात.

ट्रकच्या ट्रेलरमध्ये हाच विचार पुढे नेलेला आहे. ट्रक आणि ट्रेलर यांच्यामध्ये दोन हवेचे पाइप असतात, एक लाल आणि एक निळा. लाल पाइप ट्रेलरच्या टाकीत सतत हवा भरत राहतो. निळा पाइप ड्रायव्हरच्या पायाचा निरोप मागे पोहोचवतो, म्हणजे पेडल जितकं दाबलं तितकी हवा त्यातून जाते आणि तितका ब्रेक लागतो.

लाल पाइपाचं आणखी एक काम आहे आणि आपल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. ट्रेलरच्या ब्रेक चेंबरमध्ये एक जाडजूड स्प्रिंग असते. तिचा स्वभाव कायम ब्रेक दाबून धरण्याचा. हवेचा दाब तिला मागे रेटून ठेवतो, म्हणून चाकं फिरतात. सिग्नलवर किंवा धाब्यासमोर ट्रक उभा राहताना 'फुस्स' असा मोठा आवाज येतो ना? पार्किंग ब्रेक लावताना येणारा तो आवाज म्हणजे ही हवा बाहेर पडून स्प्रिंगने ब्रेक पकडल्याची खूण.

आकडेही पाहून घेऊ. कारच्या टायरमध्ये आपण साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा भरतो. ट्रकच्या एअर ब्रेकच्या टाकीत १०० ते १२५ पीएसआयच्या आसपास दाब असतो. तो ६० च्या जवळ आला की ड्रायव्हरसमोर धोक्याची सूचना येते. आणखी उतरून २० ते ४५ च्या दरम्यान आला की ट्रेलरला हवा पुरवणारं लाल बटण आपोआप बाहेर येतं आणि ट्रेलर स्वतःचे ब्रेक लावून घेतो.

मग लोक काय जुगाड करतात?

ब्रेक चेंबरच्या मागे एक भोक असतं. त्यातून एक लांब बोल्ट आत घालून फिरवला की स्प्रिंग आवळली जाते आणि हवेशिवायही चाकं मोकळी होतात. याला केजिंग म्हणतात. ही सोय दुरुस्तीसाठी आहे. रस्त्यात बंद पडलेला ट्रेलर बाजूला घ्यायचा असेल किंवा चेंबर बदलायचा असेल तेव्हा ती वापरतात, आणि तेही आधी चाकांखाली ठोकळे लावून. (त्या स्प्रिंगमध्ये प्रचंड ताण असतो. चेंबर उघडायला गेलेली माणसं जीवाला मुकली आहेत, म्हणून त्यावर तसा इशाराच लिहिलेला असतो.)

काही जण हाच बोल्ट आवळून जुना ट्रेलर पिकअपला जोडतात आणि हायवेला लागतात. लिलावात स्वस्तात मिळालेला ट्रेलर, घर फक्त तासाभरावर, ट्रक भाड्याने घ्यायचे पैसे वाचतात, म्हणून मोह होतो. गाडी छान पळते. पळणारच, कारण मागे आता ब्रेकच नाहीत!

ढोबळ हिशेब करा. पिकअप ४ टनांचा, ट्रेलर १० टनांचा. थांबताना पिकअपच्या ब्रेकना ४ ऐवजी १४ टनांची गती जिरवायची आहे. ब्रेकची ताकद तेवढीच राहिली, तर थांबायला साडेतीनपट अंतर लागेल. आणि हा सपाट, कोरडा रस्ता झाला. उतारावर ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होत जाते. वळणावर मागचा ट्रेलर पिकअपला ढकलत राहतो आणि दोन्ही गाड्या चाकूसारख्या मिटतात. यात जीव फक्त ड्रायव्हरचा जात नाही, समोरच्या कारमध्ये बसलेल्या कुटुंबाचाही जातो.

जुन्या लष्करी ट्रेलरमध्ये तर फसगत आणखी सोपी आहे. अमेरिकी लष्कराच्या एम-१०५ या दीड टनी ट्रेलरमध्ये हवेने चालणारे हायड्रॉलिक ब्रेक असतात, त्यात ही पार्किंगची स्प्रिंग नसते. टाकी रिकामी असली की चाकं मोकळी फिरतात. माणसाला वाटतं सगळं ठीक आहे, आणि पेडल दाबल्यावर मागे काहीच होत नाही.

नीट करायचं असेल तर

पिकअपने एअर ब्रेकचा ट्रेलर ओढणं अशक्य नाही. त्यासाठी पिकअपवर कॉम्प्रेसर बसवावा लागतो. तो इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा असेल किंवा विजेवर चालणारा. सोबत हवेची टाकी, दाब दाखवणारा काटा, लाल-निळ्या पाइपांची जोडणी, आणि ट्रेलरची हवा तोडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह. सगळ्यात नाजूक भाग म्हणजे पिकअपच्या पेडलचा निरोप हवेच्या भाषेत बदलणारं कंट्रोल. ते पायाच्या दाबाच्या प्रमाणात हवा सोडणारं असायला हवं. नुसतं चालू-बंद करणारं असेल, तर हलका दाब दिला तरी रिकाम्या ट्रेलरची चाकं जाम होतील.

एवढ्यावर भागत नाही. अमेरिकेत मार्च १९९८ पासून बनलेल्या एअर ब्रेकच्या ट्रेलरना एबीएस सक्तीचं आहे आणि त्याला वीज ट्रकमधून मिळते. मोठ्या ट्रकचा गोल सात पिनांचा प्लग पिकअपच्या सॉकेटमध्ये बसत नाही. दोन्हीकडे सात जोड आहेत, पण रचना वेगळी. अडॅप्टर मिळतो, मात्र एबीएसच्या तारेत वीज येते का हे तपासावं लागतं.

आमचं मत विचाराल तर, एकाच फेरीसाठी हा खटाटोप करण्यात अर्थ नाही. एअर ब्रेकवाला ट्रक ड्रायव्हरसकट भाड्याने घ्यावा. ट्रेलर वर्षानुवर्षं याच पिकअपला जोडायचा असेल, तर ट्रेलरचेच ब्रेक बदलून इलेक्ट्रिक किंवा विजेवर चालणारे हायड्रॉलिक करून घेणं जास्त सोयीचं, कारण आजचे मोठे पिकअप त्यासाठीचं कंट्रोल कंपनीतूनच घेऊन येतात.

कायद्याचंही पाहावं लागतं. अमेरिकेत व्यावसायिक कामासाठी गाडी आणि ट्रेलर मिळून परवानगीचं वजन २६,००१ पौंड (सुमारे ११.८ टन) किंवा जास्त असेल आणि त्यात ट्रेलर १०,००० पौंडांहून जड असेल, तर 'क्लास ए' व्यावसायिक लायसन्स लागतं. ब्रेक अंशतः जरी हवेवर चालत असले, तरी ते एअर ब्रेकच धरले जातात आणि त्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते. खासगी वापराचे नियम राज्यागणिक बदलतात. ट्रेलर तुटून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लागून किमान १५ मिनिटं टिकले पाहिजेत, असाही नियम आहे.

आपल्याकडे पिकअपमागे असे ट्रेलर दिसत नाहीत. पण उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन भरलेल्या ट्रॉल्या सगळ्यांनी पाहिल्यात, आणि त्यातल्या अनेकींना स्वतःचे ब्रेक नसतात. बोरघाटात डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या ट्रकची गोष्टही याच कुळातली. गिअरचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर येतो. टाकीत हवा भरपूर असते, पण तापलेले ड्रम पकड धरत नाहीत.

शेवटी एक सोपी चाचणी. ट्रेलर जोडून टाकी पूर्ण भरू द्या, सपाट जागी चाकांना ठोकळे लावा आणि ट्रेलरची हवा तोडून लाल पाइप काढा. मग ठोकळे बाजूला करून पिकअप अगदी हलका पुढे घ्या. ट्रेलर हलला, तर त्या दिवशी तो आवारातून बाहेर न्यायचा नाही.