मोटारीची जाळी: सिहोरा-तुमसर भागातील एका घरगुती कामाची पूर्वपीठिका

मोटारीच्या तोंडावरची जाळी दोन कामे एकाच वेळी करते. रेडिएटरला लागणारा वारा ती आत सोडते आणि रस्त्यावरचा खडा, काडी, किडा बाहेर थोपवते. छिद्र मोठे ठेवले तर खडा आत शिरतो, बारीक ठेवले तर वारा अडतो आणि इंजिन तापते. जाळी करणाऱ्याचे सगळे कसब या दोहोंतला मध्य गाठण्यात असते. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ असलेल्या सिहोरा परिसरात ही समज मोटार येण्याच्या फार आधीपासून होती. धान, मासे आणि मँगनीज या तिन्हींवर पोसलेल्या या मुलखात प्रत्येक धंद्याची स्वतःची जाळी होती.

सर्वांत जुनी जाळी बांबूची. पूर्व विदर्भातील बुरड कारागीर ओल्या बांबूच्या कामट्या काढून सुपे, टोपल्या आणि चाळण्या विणत आले आहेत. धानाची चुरणी झाली की दाण्यात काडी, माती आणि पोचट दाणे मिसळलेले असतात. सुपाने पाखडून हलका कचरा उडतो. आकाराप्रमाणे निवड मात्र चाळणीच करते. कांडणानंतर तांदूळ, कनकी आणि कोंडा वेगळे करायला वेगवेगळ्या छिद्रांच्या चाळण्या लागतात. चुरणीच्या वेळी बैलांनी धानात तोंड घालू नये म्हणून त्यांना दोरीची मुसकी बांधत. बैलाला श्वास घेता यावा आणि घास घेता येऊ नये, एवढेच त्या मुसक्याच्या घरांचे माप.

दुसरी जाळी पाण्यातली. भंडारा हा तलावांचा जिल्हा. मालगुजारीच्या काळातले असंख्य तलाव येथे आहेत, आणि सिहोऱ्याजवळ चांदपूरचा मोठा जलाशय आहे. या पाण्यांत मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजात जाळे घरीच विणले जाई. पट्टीवर दोरा गुंडाळून गाठ मारली की प्रत्येक घर सारख्याच मापाचे उतरते, आणि पट्टी बदलली की घर बदलते. लहान मासा सुटून जावा आणि मोठा अडकावा, हे त्या पट्टीच्या रुंदीवर ठरते.

धातूकामाची परंपराही जवळच होती. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कासारांना पितळेचा पत्रा कापणे, ठोकून वाकवणे, डाग देऊन जोडणे हे अंगवळणी पडलेले होते. गावोगावचे लोहार नांगराचे फाळ आणि गाड्यांच्या चाकांच्या धावा करत. तारेची जाळी विणणे हा मात्र या दोघांचाही धंदा नव्हता. ती बाहेरून आली, आणि ती येण्याला कारण ठरले यंत्रयुग.

तारेच्या जाळीचे यंत्र कापडाच्या मागावरूनच सुचले. इंग्लंडमधील नॉर्विच येथे चार्ल्स बार्नार्ड याने १८४४ मध्ये तारजाळी विणण्याचे यंत्र तयार केले. कोंबड्यांच्या खुराड्यांना लावतात ती षटकोनी जाळी त्यातून निघाली. जॉन फ्रेंच गोल्डिंग याने १८८४ मध्ये निराळीच युक्ती शोधली. पत्र्याला ठरावीक अंतरावर चिरा पाडायच्या आणि तो ताणायचा. चिरा उघडून शंकरपाळ्याच्या आकाराची घरे पडतात, तार विणावी लागत नाही आणि पत्राही वाया जात नाही. ‘एक्सपांडेड मेटल’ या नावाने ही जाळी आज हार्डवेअरच्या दुकानांत मिळते, आणि मोटारीच्या घरगुती जाळीसाठी तीच अधिक वापरली जाते. विणलेल्या जाळीची टोके कापल्यावर सुटतात. ताणलेल्या जाळीची घरे एकाच पत्र्यातली असल्याने ती कुठेही कापली तरी उसवत नाही.

तुमसर भागात लोखंडी जाळ्या आणि चाळण्यांची गरज दोन उद्योगांनी वाढवली. पहिला मँगनीजचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून नागपूर, भंडारा आणि बालाघाट जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या. एल. एल. फर्मर याने १९०९ मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या पट्ट्याचा सविस्तर अभ्यास आहे. येथील मँगनीजयुक्त खडकाला त्याने गोंड जमातीवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या खाणी पुढे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजच्या ‘मॉइल’कडे आल्या. खाणीतून निघालेले खनिज फोडून, निवडून, आकाराप्रमाणे वेगळे करावे लागते, आणि ते वेगळे करतात चाळण्या. दगड सतत आपटून या चाळण्या झिजतात, फाटतात, बदलाव्या लागतात. खाणपट्ट्यात फिटर, वेल्डर आणि भंगारवाले यांचा वावर असतो तो अशा कामांमुळे.

दुसरा उद्योग भातगिरण्यांचा. तुमसर ही धानाची जुनी बाजारपेठ. गिरणीत धान भरडण्याआधी माती-खडे काढणाऱ्या आणि नंतर कनकी वेगळी करणाऱ्या छिद्रांच्या पत्र्याच्या चाळण्या बसवलेल्या असतात. अशा चाळणीचा जुना तुकडा खिडकीला, कोंबड्यांच्या खुराड्याला किंवा यंत्राच्या पट्ट्यावर झाकण म्हणून पुन्हा कामी येतो.

मोटारीला सुरुवातीला जाळी नव्हतीच. रेडिएटर उघडा असे, आणि तोच गाडीचा चेहरा असे. फोर्डच्या ‘मॉडेल टी’वर १९१६ पर्यंत चकचकीत पितळी रेडिएटर होता. रेडिएटरच्या रचनेत मोठी सुधारणा केली ती विल्हेल्म मायबाखने. १९०१ च्या ‘मर्सिडीज ३५ एचपी’ गाडीसाठी त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात ६ मिलिमीटर चौरस छेदाच्या ८,०७० नळ्या डाग देऊन जोडलेल्या होत्या. वाऱ्याला भिडणारा पृष्ठभाग वाढल्यामुळे थंड करायला लागणारे पाणी १८ लिटरवरून ९ लिटरवर आले. पण अशा पातळ नळ्यांवर खडा बसला तर पाणी गळू लागे. कच्च्या रस्त्यांवर धावणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांना म्हणून रेडिएटरपुढे तारेची जाळी लावू लागले. १९३० च्या दशकात दाबयंत्रावर काढलेल्या पोलादी पत्र्याने रेडिएटर झाकला गेला, आणि जाळी हा गाडीच्या शोभेचा भाग झाला.

कारखान्यातला भाग आणि हाताने जोडलेला भाग यांतला फरक जीपच्या उदाहरणात स्पष्ट दिसतो. विलीज कंपनीच्या पहिल्या युद्धकालीन जीपचे तोंड लोखंडी पट्ट्या वेल्ड करून बनवलेले होते. फोर्डने एकाच पत्र्यातून नऊ खाचा कापून काढलेले तोंड आणले. ते हलके आणि स्वस्त असल्याने १९४२ मध्ये विलीजनेही तेच स्वीकारले. पट्ट्या जोडून केलेले तोंड कोणताही वेल्डर करू शकतो, दाबून काढलेल्याला साचा आणि यंत्र लागते. स्वातंत्र्यानंतर महिंद्रने भारतात जीपची जुळणी सुरू केली. सरकारी खात्यांची जीप खेड्यापाड्यांत पोचली, आणि तिच्या तोंडाची दुरुस्ती जागच्या जागी करण्याची गरजही तिच्याबरोबर आली.

पुढची तीन दशके देशात मोजक्याच मोटारी मिळत. हिंदुस्थान मोटर्सच्या ‘ॲम्बॅसडर’ची १९६३ मध्ये ‘मार्क २’ आवृत्ती आली, तेव्हा मुख्य बदल समोरच्या चौकड्यांच्या जाळीचा होता. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ‘फियाट’ आणि पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ तयार होत असे. लहान गावात अपघातानंतर नवा ‘शो’, म्हणजे तोंडावरचा देखणा भाग, लगेच मिळेलच असे नसे. अशा वेळी डेंटिंग करणारा मिस्त्री जुनाच पत्रा ठोकून सरळ करी, किंवा चौकट ठेवून आत बाजारातली जाळी बसवी. घरी जाळी करण्याची पद्धत अशी टंचाईतून आली. हौसेचा भाग नंतर जोडला गेला.

धानपट्ट्यात आणखी एक कारण होते. चुरणीच्या दिवसांत हवेत कोंडा, तूस आणि काड्यांचे तुकडे असतात. ते रेडिएटरच्या पाकळ्यांत अडकले की वारा थांबतो. म्हणून ट्रॅक्टरच्या रेडिएटरपुढे बारीक जाळी असते आणि कामाच्या दिवसांत ती काढून झटकावी लागते. ओलिताच्या भागात उन्हाळी धानाची कापणी मे महिन्यात येते. तेव्हा विदर्भाचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, आणि तुंबलेल्या जाळीमागचे इंजिन लवकर तापते.

जाळीतून किती वारा जाईल याचा हिशेब सोपा आहे. घराची मोकळी रुंदी भागिले घर आणि तार यांची एकत्रित रुंदी, आणि येणाऱ्या संख्येचा वर्ग. १० मिलिमीटर घर आणि १.६ मिलिमीटर तार, म्हणजे साधारण १६ गेज, असेल तर ७४ टक्के जागा मोकळी राहते. ३ मिलिमीटर घर आणि १ मिलिमीटर तार असेल तर ५६ टक्केच उरते. डासजाळीसारख्या बारीक जाळीत हे प्रमाण आणखी घसरते, आणि धूळ बसल्यावर तर फारच. मोटारीच्या दर्शनी भागासाठी म्हणून मोठ्या घरांची जाळी चांगली. किडे-काड्यांसाठी बारीक जाळी हवीच असेल, तर ती मागे, सहज काढता येईल अशी लावतात.

प्रत्यक्ष काम पुठ्ठ्यापासून सुरू होते. जुनी जाळी काढून तिच्या मापाचा पुठ्ठा कापतात आणि तो गाडीवर बसवून पाहतात. तो जाळीवर ठेवून कडेला साधारण दीड-दोन सेंटिमीटर जास्त सोडून खूण करतात. शंकरपाळी घरांची दिशा येथेच ठरवावी लागते. ती जरा तिरकी गेली तर सगळी गाडी वाकडी दिसते. पत्रा-कात्रीने कापल्यावर टोके कानशीने घासतात. गाडीचे तोंड गोलाईचे असेल तर जाळी नळावर किंवा लाकडी ठोकळ्यावर हाताने वाकवतात. हातोडीच्या घावाने घरे चपटी होतात, म्हणून लाकडी मोगरी वापरतात.

मग कडेला सळईची किंवा पट्टीची चौकट येते. जोडण्यासाठी पूर्वी तार, रिव्हेट आणि गॅस वेल्डिंग यांचा आधार घेत. प्लास्टिकच्या चौकटी आल्यापासून दोन नळ्यांचा एपॉक्सी गोंद आणि पट्टीचे टाय रूढ झाले. जस्ताचा मुलामा असलेली जाळी वेल्ड करताना निघणारा धूर घातक असतो. तेथे मुलामा आधी घासून काढतात आणि काम उघड्यावर करतात. ॲल्युमिनियमची जाळी लोखंडी बोल्टने थेट आवळली तर पावसाळ्यात दोन धातूंच्या सांध्यावर गंज धरतो, म्हणून मध्ये रबरी वायसर घालतात. शेवटी प्रायमर आणि काळा रंग. रंग पातळ थरांत मारावा लागतो, नाहीतर तो घरांच्या कोपऱ्यांत साचून छिद्रे बुजवतो. बसवताना जाळी रेडिएटरच्या पाकळ्यांना टेकू देत नाहीत.

या हौसेला कायद्याची मर्यादाही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने याच कलमाच्या आधारे गाड्यांपुढे बसवलेल्या लोखंडी ‘बुल बार’वर कारवाई करण्याच्या सूचना राज्यांना दिल्या. असे बार पादचाऱ्याला जास्त इजा करतात आणि धडकेच्या वेळी एअरबॅगच्या कामात अडथळा आणू शकतात. मूळ चौकटीच्या आत बसणारी, बाहेर न डोकावणारी हलकी जाळी आणि गाडीपुढे उभा केलेला लोखंडी सांगाडा यांत त्यामुळे मोठे अंतर आहे. नंबरप्लेट आणि दिवे झाकणारी जाळी मात्र कोणत्याही अर्थाने चालत नाही.

नव्या मोटारींत तोंडाचा भाग प्लास्टिकच्या साच्यातून एकसंध निघतो. त्याच्यामागे काही गाड्यांत रडार असते. तेथे धातूची जाळी लावली तर रडारचे संकेत अडतात. विजेवर चालणाऱ्या मोटारींना पुढून वारा कमी लागत असल्याने त्यांची तोंडे बहुधा बंदच असतात. ट्रॅक्टर, मालवाहू गाड्या आणि जुन्या जीप यांना मात्र जाळी अजून लागते, आणि खडी व कोंडा यांच्या मुलखात ती फाटतेही लवकर. घरी किंवा नाक्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात जाळी कापून बसवण्याचे काम या वाहनांवर टिकून आहे.