बेझच्या कागदांमागचा पाद्री : रिचर्ड प्राइस

आजची गोष्ट माझ्या कामातूनच सुरू होते. मेलमधला स्पॅम ओळखायची जी जुनी पद्धत आहे ना, ती बेझच्या सूत्रावर चालते. इंजिनिअरिंगला आम्ही ते पाठ केलं, पेपरात लिहिलं, मार्क घेतले. पण थॉमस बेझ १७६१ मध्ये गेला तेव्हा हे काम छापलेलंच नव्हतं, हे कुणी सांगितलं नाही.

ते कागद आले रिचर्ड प्राइसच्या हाती. वेल्समध्ये १७२३ साली जन्मलेला हा माणूस लंडनजवळ न्यूइंग्टन ग्रीनला पाद्री होता. तोही अधिकृत चर्चचा नाही, तर त्याबाहेर राहिलेल्या डिसेंटर लोकांचा. त्यांना ऑक्सफर्डची पदवी मिळत नसे. प्राइसने कागद तपासले, स्वतःची भर घातली आणि १७६३ च्या डिसेंबरात ते रॉयल सोसायटीपुढे गेले.

पण त्याची मूळ ओळख नीतीच्या विचारवंताची. १७५८ च्या ग्रंथात तो फ्रान्सिस हचसनशी भांडतो. हचसन म्हणायचा, चांगलं-वाईट आपल्याला एका आतल्या जाणिवेने कळतं, चवीसारखं. प्राइस म्हणतो, मग आपली घडण वेगळी असती तर क्रूरपणा चांगला ठरला असता का? त्याच्या मते योग्य-अयोग्य हे भूमितीच्या सत्यासारखं बुद्धीला दिसतं आणि ते देवाच्या मर्जीनेही ठरत नाही. हे एक पाद्री लिहितोय, बरं का! आणि प्रत्येकाला बुद्धी आहे म्हटल्यावर दुसऱ्याने आपल्यावर परस्पर राज्य का करावं, हा प्रश्न आलाच. १७७६ मध्ये त्याने अमेरिकन वसाहतींची बाजू घेणारी पुस्तिका लिहिली, ती तुफान खपली. पुढे अमेरिकन काँग्रेसने त्याला आर्थिक सल्ल्यासाठी बोलावलं. तो गेला नाही.

आता माझा आवडता भाग. त्या काळी विधवांना पेन्शन देऊ करणाऱ्या संस्था निघाल्या होत्या, पण वर्गणी फारच कमी. १७७१ मध्ये प्राइसने गणित मांडून दाखवलं की या बुडणार. म्हणजे आज पैसे भरणाऱ्याची बायको उद्या रस्त्यावर. त्यासाठी त्याने आयुर्मानाचे तक्ते केले, त्यातला नॉर्थहॅम्प्टनचा सगळ्यात गाजला. आणि तिथेच चूक होती! जन्म मोजले होते बाप्तिस्म्याच्या नोंदींवरून. पण बॅप्टिस्ट लोक बाळांना बाप्तिस्मा देतच नाहीत. जन्म कमी दिसले, आयुष्य आखूड निघालं. विमा कंपन्यांना फायदा झाला. सरकारने पुढे त्यावर वार्षिकी विकल्या आणि तोटा खाल्ला. स्वतः डिसेंटर असून डिसेंटरच डेटातून निसटले.

मग ४ नोव्हेंबर १७८९. लंडनच्या ओल्ड ज्यूरीत प्रवचन, विषय देशप्रेम. देश म्हणजे माती नव्हे, एका कायद्याखाली राहणारी माणसं. आणि आपला देश इतरांपेक्षा श्रेष्ठ मानणं म्हणजे देशप्रेम नव्हे, असं तो म्हणाला. फ्रेंच क्रांतीचं स्वागतही केलं. पुढच्या वर्षी एडमंड बर्कने आख्खं पुस्तक लिहून त्याला झोडपलं. व्यंगचित्रंही निघाली. 'पुढे पॅरिसमध्ये रक्तपात झाला, म्हणजे बर्कच बरोबर', असं म्हणणारे आजही भेटतात. मला हे अर्धंच पटतं. फ्रान्सबद्दल प्राइसचा अंदाज चुकला असेल, पण देशप्रेमाबद्दलचा त्याचा मुद्दा त्याने खोटा ठरत नाही.

बर्कला पहिलं उत्तर महिन्याभरात आलं. लिहिणारी मेरी वुलस्टोनक्राफ्ट. न्यूइंग्टन ग्रीनला शाळा चालवताना ती प्राइसची प्रवचनं ऐकायला जायची. प्राइस एप्रिल १७९१ मध्ये गेला. मेरीची गोष्ट पुढच्या भागात.