पाचवीच्या आधीची तयारी

'दारिद्र्य पाचवीला पुजलेले' हा वाक्प्रचार आपण वर्गात सहज वापरतो. त्यामागची रात्र मात्र आपल्या विस्मरणात गेली आहे. बाळ जन्मल्यानंतर पाचव्या दिवशी, काही घरांत सहाव्या दिवशी, सटवीची पूजा होते. ती रात्री येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते, अशी समजूत. या समजुतीतले भय निराधार नव्हते. नवजात बालकांच्या मृत्यूंपैकी बहुतेक मृत्यू आजही पहिल्याच आठवड्यात होतात. भाषेने ते भय जपले. त्याला तोंड देण्याच्या तयारीचा इतिहास मात्र आपण फारसा वाचत नाही.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचेच उदाहरण घेऊ. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' (१९६८) ही कादंबरी शिकवताना वर्गातली चर्चा गोपाळरावांच्या हट्टाभोवती फिरते, आणि ती तशी फिरू देण्यात आम्हीही सामील असतो. आनंदीबाई अमेरिकेत नेमके काय शिकल्या, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वयाच्या चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि बाळ अवघ्या दहा दिवसांत गेले. पुढे १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयात पदवीसाठी त्यांनी सादर केलेल्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र.

या विषयाकडे केवळ प्राचीन वैभवाची आठवण म्हणून पाहता येत नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतीच्या वेळी जवळ असाव्यात अशा चार स्त्रियांचे वर्णन आहे: विश्वासू, वयाने प्रौढ, प्रसूतिकर्मात कुशल आणि नखे कापलेल्या. चरकसंहिता तर नववा महिना लागण्यापूर्वीच सूतिकागृह सिद्ध करायला सांगते. तयारी म्हणजे जागा, माणसे आणि हात, हे येथे स्पष्ट आहे. परंतु हे ज्ञान संस्कृतात राहिले. प्रत्यक्ष बाळंतपण करणारी सुईण बहुधा हीन मानलेल्या जातीतली असे. तिच्या कामाला विटाळ चिकटलेला, घराला सोयर, बाळंतिणीला अंधारी, धुराने कोंदलेली खोली. ज्या हातांना ज्ञानाची गरज होती, त्यांच्यापर्यंत ते पोचावे अशी व्यवस्थाच नव्हती.

युरोपात विसंगती उलट दिशेची होती. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस यांच्या लक्षात आले की, शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हातांतूनच बाळंतिणींना मृत्यू गाठतो आहे. क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे त्यांनी सक्तीचे केले आणि तेथील मृत्यू झपाट्याने घटले. हा निष्कर्ष समव्यावसायिकांनी सहजासहजी स्वीकारला नाही. आपल्याकडे हात ज्ञानापासून वंचित होते. तिकडे ज्ञानी हातच अस्वच्छ होते.

आनंदीबाई या दोन्ही परंपरांच्या मध्ये उभ्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीकक्षासाठी त्यांची नेमणूक झाली होती. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच, क्षयाने त्यांचा अंत झाला. मराठी वाचकांनी त्या मृत्यूचा शोक केला. प्रबंध मागे पडला.

त्या प्रबंधाच्या विषयाशी जुळणारे काम शंभरांहून अधिक वर्षांनी गडचिरोलीत झाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बालमृत्यूंत झालेली मोठी घट १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. सुश्रुताला अभिप्रेत असलेली कुशल स्त्री येथे पुन्हा बाळंतिणीजवळ बसलेली दिसते. फरक इतकाच की, या वेळी तिला कोणीतरी शिकवले होते.

म्हणून 'आनंदी गोपाळ' पुढच्या वेळी वर्गात घेताना आम्ही त्या प्रबंधापासून आरंभ करणार आहोत. सटवीने लिहिलेले वाचण्यापेक्षा, तिच्या येण्याआधी काय करता येते हे जाणून घेण्यासाठी एक मुलगी समुद्र ओलांडून गेली होती, एवढे तरी विद्यार्थ्यांना कळावे.