गडचिरोली जिल्ह्यातील संपत्ती व दातृत्व

गडचिरोली जिल्ह्यात खासगी संपत्तीचा सार्वजनिक हितासाठी झालेला विनियोग प्रामुख्याने तीन रूपांत आढळतो : राजसत्ता व मालगुजारीच्या काळातील तलाव, देणग्यांच्या आधारे चालणाऱ्या सेवासंस्था आणि खाण व पोलाद उद्योगांचा सामाजिक खर्च. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याच्या विभाजनातून हा जिल्हा अस्तित्वात आला. चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे लोह-पोलाद प्रकल्प उभा राहिल्यापासून दान आणि हक्क यांतील भेदाला येथे विशेष महत्त्व आले आहे.

तलाव

चांद्याच्या गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्यास त्याच्या पाण्याने भिजणारी जमीन सनदेने देत. या पद्धतीस ‘तुकूम’ म्हणत. पुढे मालगुजारांनीही तलाव बांधले. त्यांतून गावाच्या धानशेतीस व गुरांना पाणी मिळे, तसेच बांधणाऱ्याचे उत्पन्नही वाढे. त्यामुळे यास निव्वळ दान म्हणता येत नाही. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात येऊन हे तलाव शासनाकडे गेले. ते आज ‘मामा तलाव’ (माजी मालगुजारी तलाव) म्हणून ओळखले जातात. गावकऱ्यांचे वापराचे हक्क निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजांत नोंदवले जातात.

सेवासंस्था

बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो पुढे चालवला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. घरोघरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याच्या ‘सर्च’च्या पद्धतीमुळे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत ही सेवा देशभर शासकीय कार्यक्रम म्हणून राबवली जाऊ लागली. स्वयंसेवी संस्थेचा प्रयोग सार्वजनिक व्यवस्थेचा भाग झाल्याचे हे उदाहरण आहे.

उद्योग व कायदेशीर दायित्व

एटापल्ली तालुक्यातील सूरजागड येथील लोहखनिजाचा खाणपट्टा २००७ मध्ये लॉयड्स मेटल्स या कंपनीस मिळाला. कोनसरी येथील प्रकल्पही याच कंपनीचा आहे. कंपनीने खाणीजवळील हेडरी येथे रुग्णालय व शाळा सुरू केली आहे. खाणीस परिसरातील काही ग्रामसभांनी विरोध केला आहे.

अशा उद्योगांच्या बाबतीत दोन वेगळ्या तरतुदी लागू होतात. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. स्थानिक क्षेत्रास प्राधान्य द्यावे, असे कायदा सांगतो. परंतु कामांची निवड कंपनीकडे राहते. दुसरी तरतूद जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची आहे. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांसाठी स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी रक्कम या निधीत भरावी लागते. हा निधी खाणबाधित लोक व क्षेत्र यांच्यासाठीच असल्याने तो देणगी ठरत नाही.

ग्रामसभांचे उत्पन्न

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. २०११ पासून बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. येथे गावाच्या कामांसाठी लागणारा पैसा गावाच्याच जंगलातून उभा राहतो आणि त्याचा विनियोग ग्रामसभा ठरवते.

वैचारिक चर्चा

अमेरिकी पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी याने १८८९ मध्ये मांडले की, अतिरिक्त संपत्ती धनिकाने हयातीतच लोकहितासाठी खर्च करावी. महात्मा गांधींनी धनिकाला संपत्तीचा विश्वस्त मानले. दोन्ही विचारांत संपत्ती धनिकाच्याच हाती राहते, हा त्यांवरील प्रमुख आक्षेप आहे. दानाची रक्कम कितीही मोठी असली, तरी ते थांबवण्याचा अधिकार दात्याकडे असतो, तर हक्क नाकारला गेल्यास दाद मागता येते. दुसरीकडे, शासकीय यंत्रणा पोहोचण्यापूर्वी दुर्गम भागात आरोग्यसेवा पोहोचवण्याचे काम दातृत्वाच्या आधारे झाले, हेही या जिल्ह्याच्या इतिहासातून दिसते.