माराकायबो येथील हंटिंग्टन रोग-संशोधन

वेनेझुएलाच्या वायव्य भागातील माराकायबो सरोवराच्या काठी राहणाऱ्या कुटुंबांच्या सहभागाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेले वैद्यकीय संशोधन. ॲटॅक्सिया (हालचालींतील तोल व सुसूत्रता ढळणे), कोरिया (अवयवांच्या अनैच्छिक, झटकेदार हालचाली) यांसारखी लक्षणे असलेल्या आनुवंशिक विकारांचे मूळ शोधताना एकट्या रुग्णाची तपासणी पुरेशी ठरत नाही. अनेक पिढ्यांतील रोगी व निरोगी अशा दोन्ही व्यक्तींची माहिती जुळवावी लागते. साहजिकच अशा संशोधनात संपूर्ण कुटुंब सहभागी होते. माराकायबोचा इतिहास हे या सहभागाचे ठळक उदाहरण असून सहभागी व्यक्तींच्या पदरात काय पडावे, हा प्रश्नही त्यातून पुढे आला.

पूर्वेतिहास : जॉर्ज हंटिंग्टन (१८५०–१९१६) या अमेरिकन वैद्याने १८७२ मध्ये या रोगाचे नेमके वर्णन केले. त्याचे वडील व आजोबा हेही वैद्य होते व त्यांच्या निरीक्षणांचा त्याला उपयोग झाला. म्हणजे प्रारंभापासूनच या रोगाचे ज्ञान कुटुंबांच्या दीर्घ परिचयावर आधारलेले आहे. लक्षणे बहुधा वयाच्या तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान दिसू लागतात. तोवर रुग्णाला अपत्ये झालेली असतात. रोगी माता किंवा पिता यांच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता निम्मी असते. हालचालींवरील ताबा सुटणे, बुद्धिमांद्य व मानसिक अस्वास्थ्य वाढत जाऊन अखेरीस मृत्यू ओढवतो.

माराकायबोच्या परिसरात १९५० नंतरच्या दशकात आमेरिको नेग्रेते या वेनेझुएलन वैद्यास सान लुईस या वस्तीत झोकांड्या खात चालणारी माणसे आढळली. ती मद्यपी असावीत, असा त्यांचा प्रथम समज झाला. तथापि हा हंटिंग्टन रोग असल्याचे त्यांनी लवकरच ओळखले. स्थानिक लोक या रोगास नुसते ‘एल माल’ (पीडा) म्हणत. येथील रुग्णांचे चित्रण १९७२ मध्ये अमेरिकेतील एका परिषदेत दाखविण्यात आले आणि बाहेरच्या संशोधकांचे लक्ष या वस्त्यांकडे वेधले गेले.

सहभागाचे स्वरूप : अमेरिकन संशोधिका नॅन्सी वेक्सलर (१९४५– ) १९७९ मध्ये येथे प्रथम आल्या. त्यांच्या आईस हाच रोग झाला असल्याने त्या स्वतःही त्याच्या छायेत होत्या. पुढे १९८१ पासून २००२ पर्यंत दरवर्षी संशोधकांचे पथक येथे येत असे. सान लुईस, बारांकितास व पाण्यावरील खांबांवर वसलेले लागुनेतास येथील घरोघर जाऊन वंशवृक्ष तयार करण्यात आले. रक्त देण्यास लोक प्रथम कचरत. वेक्सलर यांनीही संशोधनासाठी आपल्या दंडाच्या त्वचेचा नमुना दिला होता. त्याचा व्रण दाखविल्यावर, ही बाईही आपल्यासारखीच आहे, अशी लोकांची खात्री पटू लागली. कालांतराने वंशवृक्षात दहा पिढ्यांतील १८,००० हून अधिक व्यक्तींची नोंद झाली आणि ४,००० हून अधिक रक्तनमुने जमले.

निष्कर्ष : या नमुन्यांच्या साहाय्याने जेम्स गुसेला व त्यांचे सहकारी यांनी १९८३ मध्ये रोगाचा जीन (आनुवंशिकतेचे एकक) चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे दाखविले. दोन्ही पालकांकडून सदोष जीन मिळालेल्या व्यक्तींचा रोग एकाकडूनच मिळालेल्यांच्या रोगासारखाच असतो, हे १९८७ मध्ये येथील कुटुंबांवरूनच कळले. प्रत्यक्ष जीन १९९३ मध्ये सापडला. त्यात तीन अक्षरी संकेताची पुनरावृत्ती प्रमाणाबाहेर वाढलेली असते; ती चाळीस वा अधिक असल्यास रोग होतो. त्याच वर्षी एका प्रकारच्या आनुवंशिक ॲटॅक्सियाचा जीन सहाव्या गुणसूत्रावर सापडला, त्यातही असाच दोष आढळला. या शोधातही रोगपीडित कुटुंबांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहभागाचा वाटा होता.

परतफेडीचा प्रश्न : रोग होण्यापूर्वीच त्याचे भाकीत करणारी चाचणी १९८६ पासून उपलब्ध झाली. निश्चित इलाज नसल्याने धोक्यात असलेल्या अनेकांनी ती करून घेतली नाही. ‘जाणून न घेण्याचा हक्क’ ही कल्पना त्यामुळे रुजली. अनैच्छिक हालचाली कमी करणाऱ्या टेट्राबेनाझीन या औषधास अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली. तथापि ते रोग बरा करीत नाही. माराकायबोतील गरीब कुटुंबांपर्यंत तर फारच थोडे पोहोचले. रुग्णांच्या शुश्रूषेसाठी १९९९ मध्ये उघडलेले निवासगृह २०१४ मध्ये बंद पडले. संशोधन जेथे होते त्या समाजास त्याचा लाभ होण्याची वाजवी शक्यता असावी, असे तत्त्व हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २००० सालच्या आवृत्तीत नमूद झाले. माराकायबोत त्याचे पालन अपुरेच राहिले. वेक्सलर यांनी २०२० मध्ये स्वतःस हा रोग झाल्याचे जाहीर केले.

जगभर होणारी या रोगाची रक्तचाचणी १९९३ च्या शोधावर उभी आहे आणि तो शोध या सरोवरकाठच्या लोकांच्या रक्तदानावर. ते ऋण मात्र अद्याप फिटलेले नाही.