गरिबाच्या ताटातला गहू

१९९५ साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने गरिबांसाठी एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे उघडली. २०२० च्या २६ जानेवारीला आघाडी सरकारने दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली. तिच्यात तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण आणि एक मूद भात होता. दोन्ही योजना राजकारणातून आल्या, दोन्हींवर टीका झाली, पण पंचवीस वर्षांत सरकारी कागदावरच्या गरिबाच्या ताटातून भाकरी निघून गेली हे फारसे कुणाच्या लक्षात आले नाही. यायचे कारणही नव्हते. देशावरच्या हातावर पोट असलेल्या घरांतून ती आधीच मागे सरली होती. या बदलाचा दोष सहसा बदललेल्या आवडीनिवडीला, शहरी नखऱ्यांना किंवा ‘आजकालच्या सुनांना’ दिला जातो. मला तो मान्य नाही. गरिबाघरच्या जेवणातली भाकरी चवीपायी गेली नाही. धान्य घरात कुठून येते आणि ते शिजवायला कुणाचा किती वेळ लागतो, या दोन गोष्टी बदलल्या, आणि ताट त्यांच्यामागून बदलले.

आधीचे ताट कसे होते हे शोधायला पाककृतींची पुस्तके फारशी उपयोगी पडत नाहीत. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० चे, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. दोन्ही पुस्तके मोलाची, पण ती ज्या घरांसाठी लिहिली तिथे रोज संध्याकाळी पीठ पुरेल की नाही हा प्रश्न नव्हता. कण्या, माडगे, आंबील, हुलग्याचे शेंगोळे यांना छापील पानावर जागा मिळायला फार वेळ लागला, आणि मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्याचा सविस्तर हिशेब तर शाहू पाटोळ्यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’पर्यंत थांबून राहिला. म्हणून पुरावा दुसरीकडे शोधावा लागतो. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुणब्याचे घर आणि त्याचे खाणे उघडे करून दाखवले. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर जमाखर्च मांडला (आज तिथे सदनिकांचे मनोरे आहेत), तेव्हा गावकऱ्यांनी स्वतःच ठरवलेल्या साध्या राहणीचा खर्चसुद्धा बहुतेक कुटुंबांना झेपत नाही असे निघाले. मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. कमाईतला निम्म्याहून अधिक पैसा पोटावर जात होता, आणि तरीही फिंडले शिरास यांच्या अहवालाला नोंदवावे लागले की कामगाराच्या पोटात जाणारे धान्य दुष्काळी कामावरच्या मजुराला ठरवून दिलेल्या शिध्याइतके जेमतेम भरते, तुरुंगातल्या कैद्याला मिळते त्यापेक्षा ते कमी आहे. भाकरी-ठेच्याच्या सात्त्विक दिवसांची आठवण काढणाऱ्यांनी ही तुलना जवळ ठेवावी. ठेच्यातली मिरची आणि शेंगदाणा दोन्ही अमेरिका खंडातून आलेले, तेव्हा ‘पूर्वापार’ हा शब्दही जरा जपून वापरलेला बरा.

तरीही त्या भुकेल्या ताटात ज्वारीच होती, गहू नव्हता. ज्वारी चवीला श्रेष्ठ होती म्हणून नव्हे, तर ती विकत आणावी लागत नव्हती म्हणून. सोलापूर, नगर, बीड, विजापूर या पट्ट्यात रब्बीची ज्वारी ऑक्टोबरात पेरली की जमिनीतल्या ओलीवर येते. दाणा माणसाला, कडबा जनावराला. काळ्या रानात मालदांडीसारखे वाण एवढे टिकले ते या दोन्ही गरजा भागवत म्हणून. ज्याच्याकडे रान नव्हते त्याच्याही घरात ज्वारी येई, कारण काढणीची मजुरी धान्यात मिळे, सालगड्याच्या सालात पायल्यांची गणती असे आणि बलुतेदाराला खळ्यावर वाटा मिळे. हा वाटा पुरेसा होता किंवा न्याय्य होता असे मुळीच नाही. त्याला जातीचा आणि अपमानाचा जो वास होता तो पुसून टाकता येत नाही. पण एवढे खरे, की पैसा न लागता घरात येणारे एकमेव धान्य ज्वारी किंवा बाजरी होते. मजुरी रोख मिळू लागली तशी ही वाट बंद झाली. रोख मजुरी हे पाऊल पुढचेच होते, पण त्यामुळे भूमिहीनाला पहिल्यांदा दुकानाच्या फळीसमोर उभे राहून ठरवावे लागले की कोणते धान्य स्वस्त आहे.

आणि दुकानात स्वस्त काय असावे हे एव्हाना सरकार ठरवू लागले होते. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला, तिथला तांदूळ थांबला आणि १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले. कोकणातून आलेल्या भातखाऊ गिरणी कामगाराला कार्डावर जे धान्य मिळेल ते घ्यावे लागले. आपल्या आवडीचे धान्य आणि आपल्या वाट्याचे धान्य या दोन गोष्टी वेगळ्या असतात हा धडा मुंबईच्या चाळींनी तेव्हा गिरवला. १९५६ पासून पी.एल. ४८० च्या कराराखाली अमेरिकेचा गहू गोदीत उतरू लागला. १९६५ मध्ये अन्न महामंडळ स्थापन झाले, पाठोपाठ पंजाब-हरियाणातला गहू कोठारांत भरू लागला. ज्वारीचीही सरकारी खरेदी होत होती, पण देशभर हलवता येईल असा साठा उभा राहिला तो गहू आणि तांदूळ यांचा. १९७२ च्या दुष्काळात हे उघडे पडले. खडी फोडायला गेलेल्या माणसांना सुकडी मिळाली, रेशनवर मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी आली, आणि त्या भाकरीची चव अजून जुन्या माणसांच्या तोंडून ऐकायला मिळते, ती कौतुकाने नव्हे. त्याच सुमाराला मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधी मोर्चे निघाले आणि बायकांनी हातात धरले ते लाटणे. भाकरीला लाटणे लागत नाही, ती थापतात. लाटण्याला पुरणपोळी आहे, पापड आहेत, म्हणून या एका खुणेवर फार भार टाकू नये. पण रोजच्या रोटीची निशाणी म्हणून थापायची परात नव्हे तर लाटणे सुचले, तेव्हा शहरातल्या स्वयंपाकघरात गहू किती मुरला होता एवढे त्यावरून कळते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. गहू हे देशावर सणाचे, पाहुण्याचे धान्य. जावई आला की पोळी, एरवी भाकरी. मग स्वस्त गहू मिळताच लोकांनी तो हौसेने घेतला, असे का म्हणू नये? हौस होतीच. पण हौस शंभर वर्षे जुनी होती आणि बदल मात्र दोन पिढ्यांतला आहे. जुन्या हौसेने नवा बदल समजत नाही. शिवाय प्रतिष्ठा हेच कारण असते तर आधी ऐपतदार शेतकऱ्याने भाकरी सोडली असती. प्रत्यक्षात ज्याच्या घरात स्वतःच्या रानातली ज्वारी कणगीत आहे त्याच्याकडे ती टिकली, आणि जो रेशनच्या पिशवीवर जगतो त्याच्याकडून आधी गेली. चपातीला तेल लागते, हाही आक्षेप असतो. तेलाचा हात न लावताही चपाती होते, आणि ज्यांना तेल हवे होते त्यांच्यासाठी मधल्या काळात रेशनवर पामतेल आले होते.

दुसरा भाग वेळेचा आहे, आणि तो पुरुषांच्या लिखाणातून नेहमी निसटतो. ज्वारीचे पीठ ताजे असेपर्यंत त्याला विरी असते. काही आठवडे गेले की विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, मग उकळते पाणी ओतून पीठ मळावे लागते. म्हणजे दळण थोडे-थोडे, पुन्हा-पुन्हा. गव्हाची कणीक एकदा भिजवली की सगळ्या घराला पुरते. भाकरीचे पीठ एकेका भाकरीपुरते तळहाताच्या टाचेने रगडायचे, परातीत पिठावर गोल फिरवत थापायचे, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या आत उलटायची आणि शेवटी निखाऱ्याला लावून फुगवायची. चुलीवर हे जमते. वातीच्या स्टोव्हवर भाकरीला रॉकेलचा वास लागतो आणि निखारा तर नसतोच. सकाळी आठला डबा घेऊन बाहेर पडणाऱ्या बाईला आणखी एक अडचण: गार झालेली ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत कडक होते, चपाती मऊ राहते. बाईचे श्रम फुकट धरले तोवर भाकरी स्वस्त होती. ती चार घरची धुणीभांडी करायला किंवा रोजगार हमीच्या कामावर जाऊ लागली, तिच्या तासाला काहीतरी मोल आले, तेव्हा तीच भाकरी महाग पडू लागली. ‘हल्लीच्या मुलींना भाकरी येत नाही’ या तक्रारीत एवढा हिशेब राहून जातो.

शेतीकडे बोट दाखवणारे म्हणतील की ज्वारीच पिकेनाशी झाली तर लोक काय खातील? बरोबर आहे. १९६४ च्या सीएसएच-१ पासून आलेल्या संकरित वाणांनी खरिपात उत्पादन वाढवले, पण परतीच्या पावसात दाणा काळा पडे आणि त्या भाकरीला कुणी गोड म्हणेना. पुढे सोयाबीन, ऊस, कापूस यांनी रान व्यापले. मात्र हे कारण माझ्या म्हणण्याच्या आड येत नाही, ते त्याचाच भाग आहे. हमखास गिऱ्हाईक गहू-तांदळाला मिळाले, ज्वारीला नाही, म्हणून शेतकऱ्यानेही हिशेबच केला.

ताटातले कोरड्यास, म्हणजे भाकरीशी लावून खायचे कालवण, मात्र एवढे बदलले नाही, कारण त्याचे धान्य दुकानातून आले तरी काटकसरीची रीत जुनीच चालली. मूठभर हरभऱ्याच्या पिठात पाणी वाढवून पिठले सहा जणांना पुरवायचे. मटकी शिजवलेले पाणी फेकायचे नाही, त्याचे काळण करायचे. उन्हाळ्यात सांडगे घालून ठेवायचे, म्हणजे भाजी महागली की तेच फोडणीला टाकता येतात. मराठवाड्यात येसर, म्हणजे भाजून दळलेले मसालेदार पीठ, डब्यात असले की डाळ नसलेल्या दिवशीही आमटी होते. चपातीबरोबर हे सगळे खाल्ले जाते आणि कुणाला विजोड वाटत नाही.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्याचा किलोचा दर एक रुपया लिहिला होता, गव्हाचा दोन, तांदळाचा तीन. कागदावर ज्वारी सर्वांत स्वस्त होती, पिशवीत मात्र बहुतेक ठिकाणी पडले ते गहू आणि तांदूळ, आणि २०२३ पासून तेही फुकट. त्याच वर्षी भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे झाले, केंद्रीय अर्थसंकल्पात त्यांना श्रीअन्न म्हटले गेले. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन त्याआधीच मिळाले होते. सोलापुरात बायकांनी थापून, वाळवून तयार केलेली कडक भाकरी पाकिटांत भरून पुण्या-मुंबईच्या दुकानांत जाते. तिच्या किमतीत दाणा, जळण आणि नफा यांच्या जोडीला थापणावळही धरलेली असते.