मुलांसाठी एटीव्ही निवडताना : बडोद्याच्या संदर्भात सुरक्षिततेचे निकष

चार फुगीर टायर, घोड्यावर बसावे तशी बैठक आणि दुचाकीसारखे हँडल असलेले खडबडीत जमिनीवरचे वाहन म्हणजे ‘ऑल टेरेन व्हेइकल’ अर्थात एटीव्ही. शेतघरे, रिसॉर्ट आणि साहसी क्रीडा केंद्रे यांमुळे हे वाहन आता मुलांच्याही परिचयाचे झाले आहे. चार चाके आहेत म्हणजे ते दुचाकीपेक्षा स्थिर असणार, असा सर्वसाधारण समज आहे. खरेदीतील पहिली चूक याच समजातून होते.

बडोद्याला मुलांच्या वाहनांची हौस नवी नाही. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात राजघराण्यातील मुलांना शाळेत नेण्यासाठी छोटी रेल्वे होती. त्या शाळेच्या इमारतीत आज महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे आणि डागडुजी केलेले इंजिन तेथे पाहावयास मिळते. त्या गाडीचा मार्ग रुळांनी ठरवलेला होता. एटीव्हीत मात्र मार्ग, वेग आणि तोल हे तिन्ही मुलाच्या हाती असतात. याच शहरात १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात नौका उलटून सहलीला आलेले १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नौकेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट नव्हते. वाहन जमिनीवरचे असो वा पाण्यावरचे, क्षमता आणि संरक्षक साधने यांबाबत तडजोड करता येत नाही, हाच त्याचा धडा.

वाहन उलटते कशामुळे?

एटीव्हीची लांबी-रुंदी कमी आणि गुरुत्वमध्य उंच असतो. अनेक वाहनांत मागील दोन्ही चाके एकाच अखंड आसावर असतात. वळताना बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापायचे असते, पण दोन्ही चाके सारख्याच गतीने फिरतात. मातीत आतले चाक थोडे घसरते आणि वळण साधते. डांबरी वा काँक्रीटच्या पृष्ठभागावर टायर घट्ट पकड घेतात, चाक घसरत नाही आणि वाहन कलंडू शकते. म्हणूनच सोसायटीचे फरसबंद आवार सुरक्षित वाटले तरी या वाहनासाठी ती अयोग्य जागा होय.

तोल सांभाळण्यासाठी चालकाने आपले शरीर वळणाच्या आतल्या बाजूस व चढावर पुढे झुकवावे लागते. सहा वर्षांच्या मुलाचे वजन साधारण वीस किलो, तर ५० सीसीचे दर्जेदार बालवाहन शंभर किलोंच्या आसपास असू शकते. ते अंगावर पडल्यास मूल स्वतः बाजूला सारू शकत नाही. मागे दुसरे मूल बसवले की झुकण्यास जागाच उरत नाही.

वय आणि वेग

अमेरिकेत १९८८ साली तीनचाकी एटीव्हींची विक्री थांबवण्यात आली आणि २००८च्या कायद्याने चारचाकींसाठी मानक सक्तीचे झाले. त्यानुसार सहा वर्षांवरील मुलांच्या वाहनाचा कमाल वेग ताशी २४ किलोमीटर असतो व तो १६पर्यंत मर्यादित करण्याची सोय असते. दहा वर्षांवरील गटासाठी हे आकडे ४८ आणि २४ आहेत. बालगटातील वाहनांना पुढचा दिवा नसतो, कारण मुलांनी अंधारात वाहन चालवणे अपेक्षितच नाही. झगमगीत दिवे हे विक्रेत्याच्या दृष्टीने आकर्षण असले, तरी पालकांच्या दृष्टीने ती शंकेची खूण मानावी.

त्याच देशातील बालरोगतज्ज्ञांची संघटना, ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स’, सोळा वर्षांखालील मुलांनी एटीव्ही चालवूच नये असे सांगते. मानक वाहनाची रचना तपासते, मुलाची निर्णयक्षमता नव्हे. त्यामुळे ‘सहा वर्षांवरील’ हे लेबल परवानगी नसून किमान अट आहे.

भारतीय कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवण्याचे किमान वय १८ आहे. ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी ते १६ आहे. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ अन्वये अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालक वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. मुलांच्या एटीव्हीला रस्त्यावर स्थान नाही. बॅटरीवर चालणारी खेळण्यातली गाडी हा निराळा प्रकार असून, १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे.

खरेदीपूर्वीची तपासणी

मुलाला सोबत नेऊन, वाहन बंद असताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. पावठ्यांवर उभे राहिल्यावर बैठक आणि मूल यांत काही इंचांचे अंतर राहावे.
२. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवताना पाठ पुढे ओढली जाऊ नये.
३. ब्रेकच्या दांडीपर्यंत बोटे सहज पोहोचावीत आणि अंगठ्याने वेग देताना पकड सुटू नये.
४. वेगमर्यादक स्क्रू असावा. मूल पडताच इंजिन बंद करणारी दोरी किंवा पालकाच्या हातातील दूरनियंत्रक असावा.
५. साखळी, धुराडे आणि मागील चाके यांपासून पाय दूर ठेवणारी आच्छादने असावीत.
६. सुटे भाग, ब्रेकचे पॅड आणि मराठी, हिंदी वा इंग्रजीतील माहितीपुस्तिका उपलब्ध असावी. आयात वाहनाची दुरुस्ती कोण करणार, हे लेखी घ्यावे.

पूर्ण चेहरा झाकणारे व मापाचे हेल्मेट, गॉगल, हातमोजे, लांब बाह्यांचा शर्ट, पँट आणि घोट्यावरचे बूट हा खर्च वाहनाच्या किमतीतच धरावा.

जागेची निवड

बडोद्यालगत मही नदीची कोतरे दिसायला मोहक आहेत. परंतु पावसाने पोखरलेल्या त्यांच्या कडा वजनाने ढासळू शकतात. विश्वामित्रीच्या काठी मगरींचा वावर आहे. या दोन्ही जागा मुलांसाठी वर्ज्य मानाव्यात. गोव्यातील वाचकांनी किनाऱ्यावरील वाळूचा विचार करू नये. तेथे वाहन नेण्यास बंदी आहे. कुंपण घातलेले, सपाट, मातीचे मैदान आणि हाकेच्या अंतरावर सतत लक्ष ठेवणारा प्रौढ, ही किमान व्यवस्था होय.

भाड्याने फेरी घेतानाही हेच निकष लावावेत. मुलाच्या मापाचे हेल्मेट मागावे, आधी ब्रेक तपासावा आणि दोघांना एकत्र बसवण्याचा आग्रह झाल्यास नकार द्यावा. वरील सहापैकी एकही कसोटी पूर्ण होत नसेल, तर खरेदी पुढे ढकलावी. मुलाची उंची आणि समज वर्षभरात वाढते. तोवर सायकल हे तोल, ब्रेक आणि वळण शिकवणारे उत्तम वाहन आहे.